कसणारे एक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर: ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’चं प्रकरण

फेब्रुवारी २०१८. फायटिंग गेम्सच्या दुनियेतली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे लास व्हेगासची ‘इव्हो’. तिने त्या वर्षीच्या आठ खेळांची यादी जाहीर केली. ‘स्ट्रीट फायटर ५’ आणि ‘टेकन ७’ अपेक्षेप्रमाणे होतेच. ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’ बाजारात येऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तरी तो होता. ‘ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटल’ तर अजून विक्रीलाही आला नव्हता, तोही होता. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ मात्र नव्हता. २००२मध्ये स्पर्धेला इव्हो हे नाव मिळालं, तेव्हापासून या मालिकेचा कुठला ना कुठला भाग दरवर्षी तिथे खेळला जात होता. तो क्रम पहिल्यांदाच तुटला. आणि तुटला तोही मालिकेचा कोरा करकरीत भाग, ‘इन्फिनिट’, दुकानात येऊन पाच महिने व्हायच्या आत.

हे प्रकरण मला अभ्यासण्यासारखं वाटतं, कारण ते उलटं आहे. याच मालिकेच्या खेळाडूंनी २००० सालचा एक असमतोल, कधीच दुरुस्त न झालेला खेळ दहा वर्षं स्वतःच्या खिशातून चालवला होता. खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचं एक डॉलरही त्यात नव्हतं. मग जेव्हा कंपनीने नवा खेळ दिला, बक्षिसांची अधिकृत मालिका दिली, ऑनलाइन खेळायची बऱ्यापैकी सोय दिली, तेव्हाच सगळं का कोसळलं?

सर्वांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे ‘इन्फिनिट’ दिसायला वाईट होता. होता, यात वाद नाही. पण फायटिंग गेमवाल्यांनी याहून ओबडधोबड दिसणारे खेळ वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेले आहेत. खरी झीज त्याच्या बरीच आधी, कुणाच्या नजरेत न येता होऊन गेली होती, असं माझं मत आहे.

दहा कॅरेक्टर्सचा खेळ

‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या पार्लरमध्ये, आला २००० साली, सेगा कंपनीच्या ‘नाओमी’ या यंत्रावर. एका बाजूला स्पायडरमॅन, वुल्व्हरिन, मॅग्नेटो ही मार्व्हलची मंडळी. दुसऱ्या बाजूला र्‍यू, चुन-ली, मेगा मॅन ही कॅपकॉमची. एकूण ५६ कॅरेक्टर्स. प्रत्येक खेळाडूने तिघांची टीम निवडायची. एक लढतो, बाकीचे दोघे बटण दाबताच क्षणभर येऊन मदतीचा फटका मारून जातात. याला ‘असिस्ट’ म्हणतात. ज्याने कधी फायटिंग गेम खेळलेला नाही त्याने एवढंच लक्षात ठेवावं की पडद्यावर एका वेळी चार जण असू शकतात, आणि खेळाडूला त्या सगळ्यांचा हिशेब सेकंदाच्या काही भागात करावा लागतो.

५६ हा आकडा फसवा होता. गंभीरपणे खेळणाऱ्यांना काही महिन्यांतच कळलं की उपयोगाची कॅरेक्टर्स दहाच्या आसपास आहेत. त्यातही चार अशी की बाकीच्यांनी त्यांच्यासमोर उभंच राहू नये: मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल. मॅग्नेटो हवेत आठही दिशांना झेपावू शकतो, त्यामुळे तो पुढच्या क्षणी कुठून येईल हे डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही. केबलकडे बंदूक आणि मीटर (लढता लढता साठत जाणारी शक्ती) असला, की समोरच्याने उडी मारायची चूक केली रे केली की त्याचा निकाल लागला. सेंटिनेल प्रचंड आकाराचा, प्रचंड ताकदीचा आणि वर उडणारा यंत्रमानव. सायलॉक आणि कॅप्टन कमांडो हे स्वतः लढायला फारसे कुणी घेत नसे. त्यांना टीममध्ये घ्यायचं ते असिस्टसाठी.

एखाद्या कंपनीने आज असा खेळ काढला तर आठवड्याभरात पॅच, म्हणजे दुरुस्ती, येईल. तेव्हा तसली पद्धत नव्हती. जे यंत्रात आलं ते कायमचं. माझ्या मते यातच त्या खेळाचं आयुष्य होतं. शक्ती थोड्याच कॅरेक्टर्सकडे असल्यामुळे न्यूयॉर्कचा खेळाडू आणि कॅलिफोर्नियाचा खेळाडू एकाच भाषेत बोलत होते. मॅग्नेटो-स्टॉर्म-सायलॉक म्हटलं की दोघांना तेच चित्र दिसे. आणि काहीच बदलणार नसल्यामुळे आज शिकलेली गोष्ट पाच वर्षांनीही खरी राहणार होती. मॅग्नेटो हातात बसायला महिनेच्या महिने जात; पण एकदा बसला की तो तुमचा. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

हा खेळ जपानी कंपनीचा, पण त्याची भूमी अमेरिका. जपानी आर्केडमध्ये तो तितका रुजला नाही. न्यूयॉर्कमध्ये मॉट स्ट्रीटवरचं ‘चायनाटाउन फेअर’, कॅलिफोर्नियात ‘गोल्फलँड’ नावाची मिनी-गोल्फ आणि आर्केडची केंद्रं, असे अड्डे होते. अमेरिकन आर्केडमध्ये दोघे खेळाडू एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पुढचा नंबर लावायचा तर काचेवर नाणं ठेवायचं. हरलेला बाजूला होतो, जिंकलेला फुकटात पुढचा डाव खेळतो. म्हणजे खराब खेळणाऱ्याला शिकणं महाग आणि चांगल्याला स्वस्त. ही पद्धत निर्दय आहे, पण पटाईत खेळाडू फार लवकर घडवते. शहरातली कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई स्थलांतरितांच्या घरातली मुलं इथे एकत्र आली, आणि त्या मिश्रणातूनच या मंडळींचा रांगडा, मोठ्या आवाजातला, टोमण्यांनी भरलेला स्वभाव तयार झाला.

(आपल्याकडेही नव्वदच्या दशकात गल्लीबोळांत व्हिडिओ गेम पार्लर होती. ज्याला आपण ‘मुस्तफा’ म्हणायचो तो गेमही कॅपकॉमचाच. पण आपली पार्लर बंद झाली तशी पोरंही पांगली. एका गावचा पट्टीचा खेळाडू दुसऱ्या गावच्याशी कधी भिडलाच नाही. अमेरिकेत नेमकं तेच जुळून आलं.)

जुळवणारी ती इव्हो. १९९६मध्ये सनीव्हेलच्या गोल्फलँडमध्ये ‘बॅटल बाय द बे’ नावाने चाळीसेक खेळाडूंची स्पर्धा झाली. टॉम आणि टोनी कॅनन हे भाऊ, जोई क्वेलर आणि सेथ किलियन अशा काही जणांनी ती वाढवली. २००२मध्ये न्यूयॉर्कहून जस्टिन वाँग नावाचा शाळकरी वयातला मुलगा आला आणि ‘मार्व्हल २’ जिंकून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षीही. २००५मध्ये डक डो याने त्याची मालिका मोडली, २००७मध्ये न्यूयॉर्कच्याच मायकेल मेंडोझाने, ज्याला सगळे ‘यिप्स’ म्हणून ओळखतात. तरी २०१०पर्यंतच्या नऊ स्पर्धांपैकी सहा वाँगच्या नावावर आहेत. यिप्स खेळाडू मोठा, पण लोकांना तो जास्त आठवतो त्याच्या कमेंट्रीमुळे. माइक हातात घेऊन तो ज्या सुरात ओरडायचा, तो सूरच या खेळाची ओळख झाला. शिस्तबद्ध समालोचनाची सवय असलेल्याला ते कदाचित बाजारातल्या भांडणासारखं वाटेल. मला तरी त्याहून जिवंत क्रीडा-समालोचन क्वचितच ऐकायला मिळालं आहे.

स्पर्धा चालायच्या ड्रीमकास्ट या घरगुती कन्सोलवर. सेगाने २००१मध्येच ते बनवणं थांबवलं होतं. बंद पडलेल्या यंत्रावर, कुणीही पाठिंबा न देणाऱ्या खेळासाठी, प्रवेश फीच्या पैशातून बक्षीस काढून लोक दहा वर्षं देशभर प्रवास करत होते.

भरतीचा काळ

२००९मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’ घराघरांतल्या कन्सोलवर आला आणि झोपलेलं सगळं फायटिंग गेम विश्व जागं झालं. त्याच वर्षी ‘मार्व्हल २’ एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर डाउनलोडसाठी परत मिळू लागला. इंटरनेटवरून सामने थेट दाखवणं सोपं झालं होतं. यिप्सचा आवाज आता ज्यांनी आर्केड पाहिलंच नव्हतं त्यांच्यापर्यंतही पोहोचला.

फेब्रुवारी २०११मध्ये ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ आला. त्याच महिन्यात चायनाटाउन फेअरने दार लावलं. पुढच्या वर्षी ते उघडलं खरं, पण कुटुंबांसाठीचं खेळघर म्हणून. हा योगायोग आहे, कार्यकारणभाव नाही; तरी एक गोष्ट इथे बदलली. आता खेळाडू घरात घडणार होता, आणि घरात बसलेल्याला खेळ विकत घ्यावा लागतो. आर्केडमधल्या मुलाला खेळ कुणाच्या परवान्याखाली आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. यंत्र कोपऱ्यात होतं, खिशात नाणं होतं. घरच्या खेळाडूचं तसं नाही.

नव्या खेळात ‘एक्स-फॅक्टर’ नावाची सोय होती: एका सामन्यात एकदाच, थोड्या वेळासाठी तुमच्या कॅरेक्टरची ताकद वाढते, आणि तुमचे जितके साथीदार पडलेले असतील तितकी ती जास्त वाढते. म्हणजे एकटा उरलेला शेवटचा गडी समोरच्या तिघांना लोळवू शकतो. निखळ कौशल्याच्या चाहत्यांनी यावर नाक मुरडलं. प्रेक्षकांना वेड लागलं. २०११च्या इव्होत विस्कँट नावाच्या खेळाडूने फिनिक्स या कॅरेक्टरवर सगळं पणाला लावून बाजी मारली. पाच मीटर जमवून ठेवायचे, फिनिक्सला मरू द्यायचं, मग ती ‘डार्क फिनिक्स’ होऊन उठते आणि समोरच्याची टीम संपवते. समोरच्या खेळाडूला हे येणार हे पहिल्या सेकंदापासून माहीत असतं. प्रेक्षकांनाही. तरी ते बघताना श्वास रोखला जायचा.

नऊच महिन्यांत, नोव्हेंबर २०११मध्ये, ‘अल्टिमेट’ नावाची वाढीव आवृत्ती वेगळे पैसे घेऊन आली. कुरकुर झाली. मार्चमधल्या जपानच्या भूकंपामुळे आधीचं नियोजन विस्कटलं, म्हणून छोट्या छोट्या भरी देण्याऐवजी एकदम नवी आवृत्ती काढावी लागली, असं कॅपकॉमचं म्हणणं होतं. लोकांनी कुरकुरत का होईना, पैसे दिले. आणि मग सर्वांत चांगली दोन-तीन वर्षं आली: २०१२चा विजेता फिलिपिनो चॅम्प, जो प्रेक्षकांना मुद्दाम डिवचायचा, २०१३मध्ये विजेत्या फ्लॉकरचं ‘झिरो’ हे कॅरेक्टर, पराभूतांच्या गटातून एकेकाला संपवत अंतिम फेरीत पोहोचलेला आणि तिथे फ्लॉकरकडूनच हरलेला जस्टिन वाँग, आणि २०१४मध्ये त्याच वाँगचं अखेर विजेतेपद.

खेळात दोष होते, आणि ते वाढत होते. क्रिस जी याची मॉरिगन पडदाभर गोळे सोडायची, मागून डॉक्टर डूमची क्षेपणास्त्रं. समोरचा खेळाडू मिनिटभर नुसता बचाव करत राहायचा. कौशल्य थक्क करणारं, बघायला मात्र कंटाळवाणं. कॅरेक्टर हवेतल्या हवेत बदलून चालू ठेवायचे अंतहीन कॉम्बो (फटक्यांच्या सलग साखळ्या) सापडले, तेव्हा एक फटका लागला की गडी गेला अशी स्थिती झाली. तरी २०१५मध्ये चिलीचा केनब्लूरिव्हर हल्क, सेंटिनेल आणि हॅगर असे तीन अवजड गडी घेऊन इव्हो जिंकला, तेव्हा कळलं की खेळ अजून पुरता उलगडलेला नाही.

ज्या वर्षांत काहीच घडलं नाही

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

डिसेंबर २००९च्या अखेरीस डिस्नेने मार्व्हल विकत घेतली. चार वर्षांनी, डिसेंबर २०१३मध्ये, ‘मार्व्हल २’ आणि ‘अल्टिमेट’ दोन्ही खेळ डिजिटल दुकानांतून उतरवले गेले, कारण मार्व्हलची कॅरेक्टर्स वापरायच्या परवान्याची मुदत संपली. ‘अल्टिमेट’ची डिजिटल प्रत पुन्हा मिळू लागली ती डिसेंबर २०१६मध्ये. मधली तीन वर्षं नव्या मुलाला हा खेळ खेळायचा असेल तर जुनी डिस्क शोधायची, आणि वेगळी विकत घ्यावी लागणारी दोन कॅरेक्टर्स विसरून जायची. २०१३च्या शेवटी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. लोक नव्या यंत्रांवर गेले, खेळ जुन्यावरच राहिला.

याच काळात, २०१४मध्ये, कॅपकॉमने ‘कॅपकॉम प्रो टूर’ सुरू केली. पण ती स्ट्रीट फायटरसाठी. वर्षभराच्या गुणतालिका, जगभरच्या पात्रता स्पर्धा, अंतिम फेरीत मोठी रक्कम. ‘मार्व्हल’ला यात जागा नव्हती आणि परवाना हातात नसताना ती असणंही शक्य नव्हतं. दोन्ही खेळ येणाऱ्या खेळाडूने सरावाचे तास कुठे घालायचे, हे सांगायची गरज नाही. जो खेळ बाजारात मिळत नाही, ज्यात पुढचा भाग येईल की नाही माहीत नाही, आणि ज्यात बक्षीस म्हणजे एकमेकांची प्रवेश फी, त्यात नवा पोरगा का येईल?

या वर्षांत एकही मोठी बातमी झाली नाही. अंतिम फेऱ्यांना गर्दी होत होती, कमेंट्री तितकीच जोरात होती, जुने खेळाडू होते. त्यामुळे बाहेरून सगळं ठीक वाटत होतं. आत मात्र येणारे थांबले होते आणि जाणारे चालू होते. कमी होत गेलेले हे लोक म्हणजे पहिल्या फेरीत हरणारे. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात, पण स्पर्धेचे पैसे त्यांच्याच फीमधून उभे राहतात.

२०१७च्या इव्होने आठ खेळ ठरवले, त्यात ‘अल्टिमेट’ नव्हता. नववा खेळ चाहत्यांच्या देणग्यांवर ठरणार होता: ज्या खेळाच्या नावाने धर्मादाय निधीत जास्त पैसे जमतील तो आत. मार्व्हलवाल्यांनी सत्तर हजार डॉलरहून अधिक जमवून आपला खेळ आत आणला. तेव्हा हे निष्ठेचं प्रदर्शन म्हणून साजरं झालं. आज ते वाचताना मला वेगळं दिसतं. वर्षानुवर्षं ज्यांच्यासाठी मंच मांडलेला असायचा त्यांना आता तिथे उभं राहण्यासाठी वर्गणी काढावी लागत होती. त्या स्पर्धेत रायन-एल-व्हीने चुन-ली, मॉरिगन आणि फिनिक्स घेऊन विजेतेपद मिळवलं.

‘फंक्शन्स’

‘इन्फिनिट’ची घोषणा डिसेंबर २०१६ची. विक्री १९ सप्टेंबर २०१७पासून. तिघांऐवजी दोघांची टीम, असिस्टऐवजी कधीही गडी बदलायची मुभा, आणि सहा ‘इन्फिनिटी स्टोन्स’. सुरुवातीला ३० कॅरेक्टर्स, बहुतेक मागच्याच खेळातली. जून २०१७मधल्या डेमोत चुन-लीचा चेहरा इतका विचित्र दिसला की त्यावर आठवडाभर थट्टा चालली. नंतर तो दुरुस्त केला गेला. ब्लॅक पँथर आणि मॉन्स्टर हंटर कथेत दिसायचे, पण खेळायला हवे तर पैसे वेगळे.

हे सगळं खपलं असतं. न खपलेली गोष्ट ही की मॅग्नेटो नव्हता. स्टॉर्म नव्हती, सेंटिनेल नव्हता, वुल्व्हरिन नव्हता, डॉक्टर डूमही नव्हता. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर यांचे चित्रपटाचे हक्क तेव्हा फॉक्सकडे होते, आणि खेळात भरणा दिसत होता तो मार्व्हलच्या स्वतःच्या चित्रपटांतल्या मंडळींचा. लोकांनी दोन अधिक दोन केलं. पण हिशेब तितका सरळ नाही: २०११मध्येही चित्रपटाचे हक्क फॉक्सकडेच होते आणि तरी मॅग्नेटो खेळात होता. मार्व्हलची मालक तेव्हाही डिस्नेच होती. मधल्या काळात बदललं असेल तर ते धोरण. गंमत अशी की डिस्ने फॉक्सचा बराचसा व्यवसाय विकत घेणार ही बातमी आली डिसेंबर २०१७मध्ये, म्हणजे ‘इन्फिनिट’ विक्रीला येऊन तीन महिने झाल्यावर.

याबद्दल विचारलं गेलं तेव्हा उत्तर द्यायची पाळी आली पीटर रोझास यांच्यावर. ‘कॉम्बोफीएंड’ या नावाने ते स्वतः या मंडळींतले नावाजलेले खेळाडू, मग कॅपकॉमचे कर्मचारी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कॅरेक्टर्स म्हणजे शेवटी ‘फंक्शन्स’ आहेत, म्हणजे विशिष्ट कामं करणारी साधनं. मॅग्नेटो कशासाठी आवडतो? आठ दिशांना झेपावता येतं म्हणून. मग नोव्हाला तेच येतं, कॅप्टन मार्व्हललाही येतं.

या एका शब्दाची इतकी टर उडवली गेली की मूळ युक्तिवादाकडे कुणी नीट पाहिलंच नाही. तो मूर्खपणाचा नव्हता. वरच्या पातळीचा खेळाडू खरोखर असाच विचार करतो. त्याला पोशाखाशी कर्तव्य नसतं, फ्रेमशी, म्हणजे फटक्याला लागणाऱ्या क्षणांच्या हिशेबाशी असतं. रोझास चुकले ते दुसऱ्या जागी. मॅग्नेटोची झेप नोव्हाला देता येते, पण ज्याने दहा-पंधरा वर्षं मॅग्नेटो हातात बसवला त्याची ती वर्षं नोव्हाच्या नावावर करता येत नाहीत. नव्या खेळात आणलेला मॅग्नेटो तंतोतंत जुना नसताच. ‘मार्व्हल ३’मध्येही नव्हता. पण तो दिसला की जुना खेळाडू परत शून्यापासून शिकायला तयार व्हायचा. कारण त्याला वाटायचं, हे आपलंच आहे. कायद्याने ते कधीच त्याचं नव्हतं. वर्षानुवर्षं जमीन कसणारे हे, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर, आणि ते उताऱ्यावर स्पष्ट दिसलं ते २०१७मध्ये.

खेळ म्हणून ‘इन्फिनिट’ वाईट नव्हता. उलट, जे टिकून खेळले त्यांनी त्यातल्या मोकळिकीचं आणि रोलबॅक नेटकोडचं (ऑनलाइन खेळताना इंटरनेटमुळे होणारा उशीर जाणवू न देणाऱ्या तंत्राचं) कौतुकच केलं. कंपनीने ‘बॅटल फॉर द स्टोन्स’ ही अधिकृत स्पर्धामालिकाही काढली, जी ‘अल्टिमेट’च्या नशिबी कधी आली नव्हती. कॅपकॉमची अपेक्षा वीस लाख प्रतींची होती. वर्षअखेर आकडा दहा लाखांच्या आतच अडकला. ठरलेली सहा जादा कॅरेक्टर्स डिसेंबरपर्यंत देऊन झाली, त्यानंतर काही आलं नाही. आणि जानेवारी २०१८मध्ये ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’ आला: तिघांची टीम, असिस्ट, हवेतला वेग, डोळ्यांचं पारणं फेडणारं रूप. मार्व्हलवाल्यांना जे हवं होतं ते सगळं, फक्त मार्व्हल सोडून. पुष्कळ जण तिकडे गेले. त्या वर्षी इव्होत या एका खेळाला अडीच हजारांहून जास्त खेळाडू उतरले, स्ट्रीट फायटरहूनही जास्त.

मग ‘मेली’ कसा टिकला?

माझ्या मांडणीवर सगळ्यात जड आक्षेप हा आहे. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा निन्टेन्डोचा फायटिंग गेम २००१चा. निन्टेन्डोने त्याच्या स्पर्धांना मदत केली नाहीच, २०१३मध्ये इव्होवरचं थेट प्रक्षेपण थांबवायचा प्रयत्नही केला, आणि लोक खवळल्यावर काही तासांत माघार घेतली. ती जागाही मेलीवाल्यांनी देणग्या जमवूनच मिळवली होती. तरी मेली आजही खेळला जातो. मालकी नसणं हेच कारण असेल तर मेली आधी मरायला हवा होता.

फरक मला सवयीत दिसतो. २००८मध्ये मेलीचा पुढचा भाग ‘ब्रॉल’ आला, तेव्हा एक मोठा गट तिकडे गेलाच नाही, किंवा जाऊन परत आला. त्यांनी ठरवलं, आम्ही इथेच राहणार. जुनी डिस्क, जुना टीव्ही, आणि २०२०पासून ‘स्लिपी’ या चाहत्यांनीच तयार केलेल्या सोयीमुळे ऑनलाइन खेळही. मार्व्हलवाले मात्र दरवेळी कंपनीबरोबर पुढे सरकले. २०१०च्या इव्होत ‘मार्व्हल २’ होता, २०११मध्ये त्याची जागा ‘३’ने घेतली, दहा वर्षांचा खेळ एका वर्षात बाजूच्या खोलीत गेला. २०१७च्या शरद ऋतूत ‘अल्टिमेट’चंही तेच झालं. नवा भाग चांगला निघाला तेव्हा हे चालून गेलं. फसला तेव्हा परत जायला मागे काही शिल्लक नव्हतं.

यात खेळाडूंना दोष देणं सोपं आहे, मला तो द्यायचा नाही. आयोजकांना सभागृहाचं भाडं भरायचं असतं, आणि गर्दी नव्या खेळालाच होते.

पुढे

परतीची सुरुवात कंपनीकडून झाली नाही. करोनाच्या काळात चाहत्यांच्या हातचं रोलबॅक बसवलेला ‘मार्व्हल २’ फाइटकेडवर (जुने आर्केड गेम ऑनलाइन खेळायच्या सोयीवर) जोरात सुरू झाला. जे शहर सोडून गेले होते, संसाराला लागले होते, ते घरबसल्या परत एकमेकांना भेटले. २०२१मध्ये खेळ पुन्हा विक्रीला आणावा म्हणून मोहीम निघाली. सप्टेंबर २०२४मध्ये कॅपकॉमने जुन्या मार्व्हल आर्केड खेळांचा संग्रह काढला, त्यात ‘मार्व्हल २’ होता आणि रोलबॅकही. जानेवारी २०२५मध्ये चाहत्यांनी ‘इन्फिनिट’चं रूपडं संपूर्ण बदलून टाकणारा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेला फेरबदल, दिला. ज्या गोष्टीवरून सगळे हसले होते ती त्यांनी फुकटात दुरुस्त केली.

२०२५च्या इव्होत मुख्य मंचावर ‘मार्व्हल २’ परतला, पंधरा वर्षांनी. त्याच महिन्यात इव्होतला सोनीचा हिस्सा नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीने घेतला. तिच्यात तेव्हा मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजची मोठी गुंतवणूक होती. म्हणजे या गोष्टीचा एक धागा तेव्हा आपल्या दाराशी येऊन पोहोचला, जरी आपल्याकडे हा खेळ स्पर्धेच्या पातळीवर खेळणारे मोजकेच असले तरी.

जून २०२५मध्ये ‘मार्व्हल तोकोन’ची घोषणा झाली. बनवणारे ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’वालेच आर्क सिस्टम वर्क्स, टीम चौघांची, आणि पहिल्याच झलकेत स्टॉर्म आणि डॉक्टर डूम. कॅपकॉम यात कुठेच नाही.